यंत्राच्या पोटाखालचे गवत

पोळ्याचा सण आला म्हणजे आपण काय करतो? आदल्या दिवशी बैलांचे खांदे शेकतो. खांद्याला हळद आणि तूप चोळतो. पोळ्याच्या दिवशी बैलांना नदीवर नेतो, नाहीतर विहिरीवर नेतो. चोळून चोळून धुतो. पोटाखाली, मांड्यांत, खुरांच्या बेचक्यात चिखल बसलेला असतो. तो बोटांनी काढतो. बैल वरून गोजिरा दिसावा एवढ्यासाठीच का हे करतो? नाही. चिखल तसाच राहिला तर कातडी सडते. खुरात जखम होते. जखमी बैल कामाचा राहत नाही. म्हणून जिथे दिसत नाही, तिथेही आपण धुतो.

आता पुष्कळ घरी बैल राहिले नाहीत. शेतात ट्रॅक्टर येतो. घरचा नसला तर भाड्याचा येतो. दसऱ्याला आपण ट्रॅक्टर धुतो. त्याला झेंडूचा हार घालतो. हळदकुंकू वाहतो, नारळ फोडतो. हे चांगलेच आहे. पण ट्रॅक्टरच्या मागे रोटाव्हेटर असतो. त्याच्या पोटाखाली कोणी वाकून पाहतो काय? तिथे गवत आणि माती यांचा थर बसलेला असतो. हा थर यंत्राला खातो. आणि तो काढताना चूक झाली, तर माणसाचा घात होतो.

म्हणून या पाठात दोन गोष्टी शिकू. हे गवत का काढायचे, ही एक. आणि जीव सांभाळून ते कसे काढायचे, ही दुसरी.

रोटाव्हेटर म्हणजे काय?

वखर तुम्ही पाहिला आहे. वखराची पास मातीखालून सरळ सरकते. रोटाव्हेटरचे तसे नाही. त्याच्या पोटात एक आडवा दांडा असतो. दांड्यावर लोखंडी पाती बसवलेली असतात. ही पाती टोकाला वाकलेली असतात. ट्रॅक्टरचे इंजिन हा दांडा गरगर फिरवते. पाती मातीत घुसतात, ढेकूळ फोडतात, धसकटे तोडतात आणि माती मागे फेकतात. फेकलेली माती वरच्या पत्र्यावर आपटते आणि बारीक होऊन खाली पडते.

हे यंत्र फार जुने नाही. ऑस्ट्रेलिया देशात आर्थर क्लिफर्ड हॉवर्ड नावाचा एका शेतकऱ्याचा मुलगा होता. १९१२ साली त्याने वडिलांच्या शेतावर याचा पहिला प्रयोग केला. इंजिनाच्या जोराने पाती फिरवून माती उकरता येईल काय, हे त्याला पाहायचे होते. पहिली पाती माती बाजूला फार फेकत. मग त्याने पाती टोकाला वाकवली. तेव्हा कुठे यंत्र जमले. आज आपल्या वाशीम, रिसोड, मालेगाव, मंगरूळपीर, कारंजा आणि मानोरा या सहाही तालुक्यांत हे यंत्र दिसते. सोयाबीन निघाले की हरभऱ्यासाठी रान लवकर तयार करावे लागते. त्या घाईच्या दिवसांत रोटाव्हेटरला उसंत नसते.

गवत कुठे बसते?

ते दोन ठिकाणी बसते.

पहिले ठिकाण म्हणजे वरच्या पत्र्याची आतली बाजू. आपली माती काळी आणि चिकण आहे. ओली असली की ती लोण्यासारखी चिकटते. वाळली की दगडासारखी होते. वाफसा येण्याआधीच घाईने रोटाव्हेटर घातला, तर चिखल उडून पत्र्याला आतून चिकटतो. त्यात गवताच्या काड्या आणि सोयाबीनचे काड मिसळते. आपण भिंतीचा गिलावा करतो तेव्हा मातीत भुसा घालतो. का घालतो? माती पक्की धरावी म्हणून. इथेही तसेच होते. गवत आणि माती मिळून पक्का गिलावा तयार होतो.

दुसरे ठिकाण म्हणजे फिरणारा दांडा. लांब गवत, वेल आणि दोर त्याला गुंडाळले जातात. रानडुकरांच्या भीतीने आपण शेताभोवती जुनी लुगडी बांधतो. त्यांच्या चिंध्या उडून रानात पडतात. त्याही गुंडाळल्या जातात. ठिबकच्या नळीचे तुकडे, प्लॅस्टिकच्या सुतळ्या, खताच्या पोत्याचे धागे हे सगळे दांड्यावर चढते. चातीवर सूत चढते तसे ते चढत जाते.

त्याने काय बिघडते?

एक. आतला थर वाढला की पात्यांना फिरायला जागा कमी पडते. पाती त्या थरावर घासतात. इंजिनवर ओझे पडते. डिझेल जास्त लागते आणि काम कमी होते.

दोन. माती नीट फेकली जात नाही. ढेकळे तशीच राहतात. हरभऱ्याचे बी कुठे खोल पडते, कुठे वर राहते. उगवण एकसारखी होत नाही.

तीन. हे नुकसान सर्वांत मोठे आहे. फिरत्या दांड्याच्या दोन्ही टोकांना बेरिंग असतात. बेरिंगमध्ये माती जाऊ नये आणि आतले तेल किंवा ग्रीस बाहेर येऊ नये, म्हणून तिथे रबराचे सील असते. गुंडाळलेले गवत सरकत सरकत टोकाकडे जाते. ते सीलला दाबते, कापते. मग तेल गळू लागते आणि माती आत शिरते. माती म्हणजे बेरिंगला कानसच. थोड्याच दिवसांत बेरिंग खडखड वाजू लागते. सील थोड्या पैशांत मिळते. बेरिंग आणि गिअर महाग पडतात. त्यातून ऐन पेरणीत यंत्र बंद पडले, तर वाफसा निघून जातो. गेलेला वाफसा पैसे देऊन मिळत नाही.

चार. ओले गवत पत्र्याला चिकटून राहिले की ओल धरून ठेवते. पत्रा गंजतो. वरून रंग चांगला दिसतो, पण आतून पत्रा कुरतडला जातो.

बोटभर थर आज खरवडला तर पाव तासाचे काम असते. तोच थर महिनाभर राहू दिला, तर छिन्नी-हातोडा घ्यावा लागतो.

एका संध्याकाळची गोष्ट

रिसोडकडच्या एका खेड्यातली ही गोष्ट आहे. दोघे भाऊ. सोयाबीन निघाले होते. दिवसभर रोटाव्हेटर चालला. दिवस मावळायला आला. उद्या पहाटे दुसऱ्याच्या रानात भाड्याने जायचे होते. थोरला म्हणाला, "पोटाखाली गवत लय झालं. आत्ताच काढून टाकू."

त्याने रोटाव्हेटर वर उचलला. इंजिन बंद केले. विळा घेतला आणि यंत्राखाली पाठीवर सरपटत शिरला. धाकटा पाणी आणायला गेला. थोरल्याचा सहा वर्षांचा पोरगा ट्रॅक्टरच्या सीटवर चढून बसला. पोरांना सीटवर बसायला आवडतेच.

तेवढ्यात त्यांची माय घरून चहा घेऊन आली. माय त्याच उन्हाळ्यात साक्षरतेच्या वर्गात जाऊ लागली होती. दिसेल ती पाटी वाचायची तिला सवय लागली होती. एस. टी.ची पाटी वाचायची, दुकानाची वाचायची, खताचे पोते वाचायची. रोटाव्हेटरच्या अंगावर एक पिवळा कागद चिकटवलेला होता. तीन वर्षे तो तिथेच होता. कोणी वाचला नव्हता. माय उभी राहिली आणि एकेक अक्षर लावून वाचू लागली.

"यं-त्रा-खा-ली जा-ऊ न-का. आ-धी टे-कू द्या."

माय थबकली. खाली वाकून म्हणाली, "बाप्पा, आंदी भायेर ये."

"काहून व माय? इंजिन बंद हाय ना. काई होत नाई."

"इंजिन बंद हाय, पन टेकू कुठी हाय? इथं लिवलं हाय, टेकू द्या म्हून."

"कागदावर लय काई लिवतात."

"वाचलं थे म्या वाचलं. तू आंदी भायेर ये, मंग बोल."

थोरला कुरकुरत बाहेर सरकला. उठून बसला. अंगावरची माती झटकू लागला. तोच सीटवरच्या पोराने लिफ्टचा दांडा धरून खाली ओढला. खेळता खेळताच ओढला. धप्पकन आवाज झाला. रोटाव्हेटर जमिनीवर बसला. पाती मातीत रुतली. जिथे थोरल्याची छाती होती, तिथेच रुतली.

कोणी काही बोलले नाही. चहा तसाच निवत राहिला. पोरगा रडू लागला. थोरल्याने त्याला जवळ घेतले. पोराला कोणी रागावले नाही. चूक पोराची नव्हतीच.

चूक कोठे झाली?

थोरल्याने इंजिन बंद केले होते, हे बरे केले. पण तेवढे पुरत नाही. का पुरत नाही, ते पाहा.

ट्रॅक्टरची लिफ्ट तेलाच्या दाबावर यंत्र उचलून धरते. तेवढ्या तेलावर चार-पाच क्विंटलचे ओझे लटकत असते. इंजिन बंद असले तरी दांडा खाली केला की यंत्र खाली येते. नळी फुटली किंवा सील गळले तरी ते खाली येते. ते सांगून येत नाही. म्हणून नुसत्या लिफ्टवर उचललेल्या यंत्राखाली हातसुद्धा घालू नये. मग डोके आणि छाती तर दूरच राहिली.

हा झाला वरून पडणारा धोका. दुसरा धोका फिरणारा आहे.

ट्रॅक्टरच्या मागून एक शाफ्ट रोटाव्हेटरला जोडलेला असतो. इंजिनाची ताकद त्यातून येते. तो मिनिटाला ५४० फेरे घेतो. मिनिटाचे सेकंद ६०. म्हणजे एका सेकंदात ९ फेरे होतात. "एक" म्हणेपर्यंत ९ फेरे! मुठीत मावेल न मावेल एवढ्या शाफ्टचा घेर साधारण एक वीत, म्हणजे २२ सेंटिमीटर धरा. ९ गुणिले २२ म्हणजे १९८. एका सेकंदात जवळजवळ दोन मीटर कापड तो ओढून घेतो. आपल्या खांद्यावरचा दुपट्टा साधारण तेवढाच लांब असतो. त्याचे एक टोक शाफ्टला लागले, तर दुसरे टोक सोडवायला वेळच मिळत नाही. पदर, ओढणी, धोतराचा सोगा आणि मोकळे केस यांचेही तेच होते. म्हणून शाफ्टवर प्लॅस्टिकचे नळकांडे असते, ते काढून टाकू नये. फुटले असेल तर नवे बसवावे. चालू शाफ्ट ओलांडून जाऊ नये.

काही जण म्हणतात, "यंत्र हळूहळू फिरू दे, मी काठीने गवत सोडवतो." असे कधीही करू नये. काठी अडकते आणि काठीबरोबर हात जातो.

सफाई कशी करावी?

आता क्रम नीट वाचा. क्रम चुकवू नका. तुमच्या यंत्राबरोबर माहितीचे पुस्तक आले असेल, तर तेही जवळ ठेवा.

१. जागा पाहा. जमीन सपाट आणि टणक हवी. उतारावर किंवा चिखलात हे काम करू नये. उजेड असताना करावे.

२. शाफ्ट फिरवणारा दांडा बंद करा. याला ट्रॅक्टरवाले पीटीओ म्हणतात. पाती पूर्ण थांबेपर्यंत खाली उतरू नका.

३. रोटाव्हेटर वर उचला. त्याच्या दोन्ही बाजूंच्या लोखंडी सांगाड्याखाली जाड लाकडी ठोकळे ठेवा. ठोकळे सरकवताना आपले हात आणि पाय यंत्राखाली नेऊ नका. ठोकळा बाहेरून काठीने ढकला. बाभळीचे चौकोनी कापलेले ठोकळे चांगले. वीट ठेवू नका, ती भुगा होते. गोल दगड ठेवू नका, तो घरंगळतो. पात्यांखाली ठोकळा देऊ नका, कारण पाती फिरतात.

४. आता यंत्र हळूच खाली सोडा. त्याचे सगळे वजन ठोकळ्यांवर बसू द्या. वजन लिफ्टवर नको, ठोकळ्यांवर हवे. हे सर्वांत महत्त्वाचे आहे.

५. इंजिन बंद करा. ब्रेक लावा. चाकांना पुढून-मागून दगडाची उटी लावा.

६. किल्ली काढा आणि आपल्या खिशात ठेवा. बायकोजवळ नको, पोराजवळ नको. जो माणूस खाली हात घालणार, किल्ली त्याच्याच खिशात हवी.

७. सीटवर कोणालाही बसू देऊ नका. पोरांना लांब पाठवा.

८. शाफ्ट सहज निघत असेल, तर तो ट्रॅक्टरकडच्या टोकाने काढून ठेवा.

९. मागचा पत्रा वर करून साखळीने पक्का बांधा. तोही अंगावर पडू शकतो.

आता सफाईला लागा. यंत्राखाली झोपू नका. मागे बसा आणि लांब दांड्याच्या लोखंडी पट्टीने आतला थर खरवडा. हातात चामड्याचे मोजे घाला. डोळ्यांत माती उडते, म्हणून चश्मा घाला.

दांड्यावर गुंडाळलेले गवत ओढू नका. ओढले तर ते आणखी घट्ट होते. शिवाय हात निसटला तर पात्यावर आपटतो. विळ्याने ते दोन-तीन ठिकाणी आडवे कापा. विळा आपल्या अंगाकडे ओढू नका, अंगापासून दूर चालवा. कापलेले तुकडे आकड्याने काढा. दोन्ही टोकांची बेरिंगजवळची जागा नीट पाहा. तिथला एकही धागा राहू देऊ नका.

दुसरी बाजू समोर आणण्यासाठी दांडा फिरवावा लागतो. तेव्हा आपले दोन्ही हात बाहेर घ्या. मगच काठीने एक पाते ढकला. एक पाते ढकलले की सगळी पाती फिरतात. म्हणून या वेळी दुसऱ्या कोणाचाही हात आत नको. हे काम एकट्याने करावे. दुसऱ्याने लांब उभे राहून लक्ष ठेवावे.

सगळे खरवडून झाले की पाण्याने धुवा. पाण्याचा जोराचा फवारा बेरिंगवर आणि सीलवर मारू नका, पाणी आत शिरते. धुतल्यावर उन्हात वाळू द्या. यंत्र काही महिने उभे राहणार असेल, तर पात्यांना तेलाचा हात द्या.

यंत्र स्वच्छ झाले की त्याची खोड दिसते. म्हणून आता नीट पाहा. पात्यांचे नट ढिले झाले आहेत काय? एखादे पाते तुटले आहे काय? टोकाला तेल गळते आहे काय? ढिले नट आवळा. ग्रीस द्या. पेटीतले तेल किती आहे ते पाहा. ग्रीस कधी द्यायचे आणि तेल कोणते घालायचे, हे यंत्राच्या पुस्तकात लिहिलेले असते. आता तुम्हाला वाचता येते. दुकानदाराला विचारण्याआधी स्वतः वाचा.

हे काम कधी करावे? रोज काम संपल्यावर करावे. माती ओलसर असते तोवर ती पटकन निघते. रात्र गेली की ती वाळून दगड होते.

यंत्र उचलून आतून करायची ही सफाई रोज जमली नाही, तरी एक गोष्ट रोज करा. यंत्र जमिनीवर टेकवा, इंजिन बंद करा, किल्ली खिशात घाला आणि बाहेरून दिसणारा चिखल व गवत पट्टीने काढा.

बांध ओलांडण्याआधी

सफाई कोठे करावी, यालाही महत्त्व आहे. ज्या शेतात काम झाले, त्याच शेतात करावी. का?

हराळी, कुंदा आणि लव्हाळा यांचा उपद्रव तुम्हाला ठाऊक आहे. हराळीच्या आणि कुंद्याच्या कांडीला डोळे असतात. रोटाव्हेटर त्या कांडीचे तुकडे करतो. प्रत्येक डोळा ओल मिळाली की फुटतो. लव्हाळ्याच्या गाठीही तशाच फुटतात. हे तुकडे पोटाखालच्या मातीत अडकून बसतात. भाड्याचा ट्रॅक्टर आज एका शिवारात असतो, उद्या दुसऱ्या शिवारात. तिथे तो थर सुटून पडतो आणि स्वच्छ रानात कुंदा उगवतो. शेतकरी म्हणतो, "हा कुंदा कोठून आला?" तो ट्रॅक्टरच्या पोटाला बसून आला!

गाजरगवताचेही पाहा. आपल्या देशात त्याची पहिली नोंद १९५५ च्या सुमारास पुण्याला झाली. एका झाडाला हजारो बारीक बिया येतात. त्या वाऱ्याने, पाण्याने, मातीने आणि गाड्यांच्या चाकांनी पसरल्या. आज हे गवत देशभर झाले आहे. इवलेसे बी किती लांब जाते, ते यावरून समजते.

तूर आणि हरभरा यांवर मर रोग येतो. त्याची बुरशी मातीत वर्षानुवर्षे जगते. रोगट रानातली माती यंत्राबरोबर चांगल्या रानात गेली, तर रोगही बरोबर जातो.

म्हणून भाड्याचा ट्रॅक्टर आपल्या बांधावर आला की चालकाला नम्रपणे सांगावे, "दादा, आधी पोटाखालचे खरवडून घ्या, मग आत या." त्याचा थोडा वेळ जाईल. त्याला चहा द्यावा. रागावू नये. पण सांगायला चुकू नये. आणि आपला ट्रॅक्टर दुसऱ्याच्या रानात जात असेल, तर न सांगता आपणच साफ करून न्यावा. शेजारधर्म तो हाच.

अपघात झालाच तर

सावधगिरी घेतली तर अपघात टळतो. तरीही वेळ आलीच, तर घाबरू नका.

माणूस अडकला असेल तर आधी इंजिन बंद करा. त्याला ओढू नका. पाती उलटी फिरवू नका. रक्त वाहत असेल तर स्वच्छ कापडाची घडी जखमेवर ठेवून जोराने दाबून धरा. सारखे उचलून पाहू नका. जखमेवर माती, शेण, हळद, चुना किंवा तंबाखू लावू नका. १०८ या क्रमांकावर फोन करा. रुग्णवाहिका येते, तिला पैसे द्यावे लागत नाहीत. बोट तुटले असेल तर ते स्वच्छ कापडात गुंडाळा, प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून तोंड बांधा आणि ती पिशवी बर्फावर ठेवून दवाखान्यात न्या. बोटाला बर्फ थेट लावू नका. जखम लहान असली तरी धनुर्वाताची सुई टोचून घ्या.

शेतकऱ्याला अपघात झाला तर सरकारची मदत आहे. २०२३ पासून तिचे नाव गोपीनाथ मुंडे शेतकरी अपघात सुरक्षा सानुग्रह अनुदान योजना असे आहे. शेतकरी दगावला तर घरच्यांना २ लाख रुपये मिळतात. तालुक्याच्या कृषी कार्यालयात लवकर अर्ज करावा. पण पैशाने हात परत येत नाही, आणि घरचा माणूसही परत येत नाही. तेव्हा ती वेळच येऊ देऊ नये.

मायने लिहिलेली पाटी

त्या दोघा भावांचे पुढे काय झाले? दुसऱ्या दिवशी थोरल्याने बाभळीचा एक ओंडका आणला. सुताराकडून त्याचे दोन चौकोनी ठोकळे करून घेतले. ते आता ट्रॅक्टरबरोबरच असतात. धाकट्याने पत्र्याचा एक तुकडा कापला आणि त्याला तार बांधली. मायने ब्रश घेतला. हात थोडा कापत होता. अक्षरे लहानमोठी झाली. शेवटची ओळ खाली उतरली. तरी पाटी झाली. यंत्राखाली हात घालण्याआधी ती पाटी ट्रॅक्टरच्या स्टिअरिंगला अडकवायची, असा त्या घराचा नेम आहे. पाटीवर लिहिले आहे:

थांबा!
खाली माणूस आहे.
दांड्याला हात लावू नका.

थोरल्याचा पोरगा आता शाळेत जातो. पाटी तोच अडकवतो. अडकवली की मोठ्याने वाचून दाखवतो.

तुमच्या घरी यंत्र असेल तर अशी पाटी तुम्हीही लिहा. अक्षर वळणदार नसले तरी चालेल. दुरून वाचता आले म्हणजे झाले.

अभ्यास

उत्तरे सांगा.

१. वाफसा येण्याआधी रोटाव्हेटर घातला तर काय होते?
२. दांड्यावर गुंडाळलेल्या गवताने सीलचे काय होते? मग बेरिंगचे काय होते?
३. इंजिन बंद होते, तरी रोटाव्हेटर खाली का पडला?
४. किल्ली कोणाच्या खिशात हवी? का?
५. दुसऱ्याच्या शेतात जाण्याआधी यंत्र का साफ करावे?

हिशेब करा.

शाफ्ट एका मिनिटाला ५४० फेरे घेतो. तर तो १० सेकंदांत किती फेरे घेईल?

वाचा आणि वहीत लिहा.

टेकू. ठोकळा. किल्ली. उटी. पाते. वाफसा. धोका. सावध.

करून पाहा.

तुमच्या घरच्या किंवा शेजारच्या यंत्रावर काही कागद चिकटवलेले असतील. इंजिन बंद असताना ते वाचा. जे समजले ते घरच्यांना सांगा. जे समजले नाही ते वहीत उतरवून वर्गात आणा.